गोव्यात नवीन आलात आणि शिंका, खाज सुरू झाली? अ‍ॅलर्जीची गोळी घेण्याआधी हे वाचा

जून लागला की फोंड्यातल्या आमच्या फार्मसीच्या काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं, "ताई, अ‍ॅलर्जीची एक गोळी द्या." मागणारं माणूस बहुतेक वेळा बाहेरून आलेलं असतं. कुणी कुंडईच्या नाहीतर बेतोड्याच्या कारखान्यात नुकतं लागलेलं, कुणी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला आलेलं, कुणी सोलापूर-लातूरची कोरडी हवा सोडून इथे नवऱ्याच्या बदलीच्या गावी संसार मांडलेली. पहिल्याच पावसाळ्यात चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, कपाट उघडलं की कुबट वास येतो, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. आणि सकाळी पाय जमिनीला लागायच्या आत शिंका सुरू होतात.

गोळी मागण्यात काही चूक नाही, त्रास खरा असतो. पण "अ‍ॅलर्जीची गोळी" अशी एकच गोळी नसते. डझनभर वेगवेगळी औषधं त्या एका नावाखाली खपतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. त्यातली कुठली तुमच्या हातात पडली, हे तुम्हाला नावानिशी कळलं पाहिजे. पंधरा वर्षं या काउंटरमागे उभी राहून मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगावंसं वाटतं ते हेच.

आधी त्रास ओळखा

अ‍ॅलर्जीची मोठी खूण खाज. नाकात, डोळ्यांत, टाळूला, कातडीला. शिंका एकामागून एक, नाकातून पाण्यासारखी धार, आणि ताप नाही. ताप, अंग मोडून येणं, डोळ्यांमागे ठणका आणि अंगावर लाल पुरळ असं सगळं पावसाळ्यात एकदम आलं तर तो डेंग्यू असू शकतो. तिथे अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन वाट बघू नका, रक्त तपासून घ्या.

अंगावर गांधी उठतात, तासा-दोन तासांनी विरतात, पुन्हा दुसरीकडे उठतात, याला आपण "पित्त उठलं" म्हणतो. या एका शब्दाने फार घोटाळा होतो. लोक पोटातल्या पित्ताची, अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन मोकळे होतात. अंगावरच्या पित्ताचा पोटातल्या आम्लाशी संबंध नसतो. ते कातडीत सुटलेल्या हिस्टामिन नावाच्या द्रव्याचं काम असतं आणि तिथे अँटिहिस्टामिन, म्हणजे त्या हिस्टामिनला अडवणारी गोळीच लागू पडते. आमसुलाचं पाणी लावायची आपली जुनी रीत आहे, इथे सोलांचं पाणी म्हणतात. त्याने अंगाला थंडावा मिळतो, जरूर लावा. पण गांधी रोज उठत असतील तर त्यावर भागणार नाही.

इथल्या दमट हवेत जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली गोल कडांचा चट्टा येऊन खाज सुटली तर ते बहुतेक गजकर्ण असतं, म्हणजे बुरशी. अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज थोडी दबते आणि चट्टा मात्र पसरत राहतो. त्यावर रूममेटने दिलेलं स्टेरॉईड मिसळलेलं मलम चोळलं, तर पंधरा दिवसांत बरं होणारं दुखणं महिनोन्‌महिने हटत नाही. ते थेट त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता खास गोव्यातल्या दोन गोष्टी, ज्या बाहेरून आलेल्यांना कुणी सांगत नाही.

पहिली काजूची. मार्च ते मे बोंडांचा हंगाम. झाडाखाली पडलेलं बोंड बघून मोह होतो, बोंड खाऊन झालं की बी घरी तव्यावर भाजायचा किंवा दाताने फोडायचा प्रयत्न होतो. त्या सालीत जहाल तेल असतं. बिब्बा उतणं ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. काजू, बिब्बा आणि आंबा हे सगळे एकाच कुळातले, म्हणून कच्च्या आंब्याच्या देठाचा चीकही काहींना तसाच उततो. एक-दोन दिवसांनी ओठ, बोटं, कधी चेहरा लाल होऊन फोड येतात आणि माणूस धावत गोळी मागायला येतो. ही प्रतिक्रिया हिस्टामिनमुळे होत नाही, शरीराच्या संरक्षक पेशी थेट कातडीवर चालून येतात, त्यामुळे अँटिहिस्टामिन तिथे जवळपास निरुपयोगी ठरतं. चीक लागला की लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. फोड आलेच तर डॉक्टरांकडून योग्य मलम लिहून घ्या.

दुसरी गोष्ट बांगडा माशाची. जेवून अर्धा-एक तास होतो न होतो तोच तोंड आणि मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, जिभेला मिरी चावल्यासारखं चुरचुरतं, कधी जुलाब होतात. माणूस घाबरतो आणि ठरवून टाकतो की आपल्याला माशांची अ‍ॅलर्जी आहे. बऱ्याचदा ती नसते. बांगडा, टुना अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा बर्फाशिवाय उन्हात राहिला की जंतू त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. म्हणजे अ‍ॅलर्जीत जे आपलं शरीर सोडतं, तेच इथे ताटातून पोटात जातं. कितीही खरपूस तळला, आमटीत उकळला तरी ते नष्ट होत नाही, नंतर फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. ओळखायची खूण अशी की तोच मासा खाल्लेल्या घरातल्या दोघा-तिघांना एकदम त्रास होतो. यावर अँटिहिस्टामिन छान काम करतं. आणि आयुष्यभर मासे सोडायची गरज नसते, बाजारात बर्फातला, ताठ आणि लाल कल्ल्यांचा मासा बघून घ्या. मात्र सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपले) खाऊन दर वेळी तुम्हा एकट्यालाच गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर ती खरी अ‍ॅलर्जी समजा. गोळी खिशात ठेवून पुन्हा चाखून बघण्याचा प्रयोग अजिबात करू नका.

जिथे गोळीवर विसंबायचं नाही

गांधीलमाशी चावल्यावर, कोळंबी खाल्ल्यावर किंवा एखादं इंजेक्शन घेतल्यावर काही मिनिटांत जीभ-ओठ सुजले, आवाज बसला, श्वासाला शिट्टी वाजायला लागली, उलट्या थांबेनात किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गोळी शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. अशा वेळी प्राण वाचवतं ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. तोंडाने घेतलेल्या गोळीला काम सुरू करायला अर्धा-एक तास लागतो, आणि सुजलेला घसा किंवा कोसळलेलं ब्लड प्रेशर सावरण्याची ताकद तिच्यात नाही. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं, फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ, जे जवळ असेल ते गाठा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. बरं वाटलं तरी डॉक्टर सोडेपर्यंत तिथून निघू नका, काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो.

स्ट्रिप उलटी करून नाव वाचा

कंपनीने मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षर वाचा. औषधाचं खरं नाव तिथे असतं.

गोळी नेमकं काय करते ते आधी सांगते. धूळ किंवा बुरशी नाकात गेली की शरीरातल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात. ते नाकातल्या, कातडीतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं आणि मग शिंका, पाणी, खाज सुरू होते. अँटिहिस्टामिन त्या जागा आधी अडवतं, कदंबाच्या, म्हणजे इथल्या सरकारी बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो तसं. म्हणून गांधी अंगभर पसरल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा त्रास होणार हे माहीत असताना आधीच घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. जुनं कपाट झाडायचं असेल तर गोळी झाडायच्या आधी तास-दोन तास घ्या. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९३७ साली डॅनियल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टॉब यांनी असं पहिलं द्रव्य शोधलं. बोव्हेंना १९५७ चं नोबेल मिळालं.

त्या पिढीची जुनी औषधं मेंदूत सहज शिरतात. क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन, प्रोमेथाझीन, हायड्रॉक्सिझीन, डायफेनहायड्रामाइन यांतलं कुठलंही नाव दिसलं की झोप येणार, तोंड कोरडं पडणार हे धरून चाला. नव्या पिढीतली सेटिरिझीन, लिव्होसेटिरिझीन, लोराटाडीन, डेसलोराटाडीन, फेक्सोफेनाडीन, बिलास्टीन ही मेंदूत कमी शिरतात. कमी म्हणजे अजिबात नाही असं मात्र नाही. सेटिरिझीन आणि लिव्होसेटिरिझीनने अनेकांना गुंगी येतेच. फेक्सोफेनाडीन, लोराटाडीन, बिलास्टीनने ती सगळ्यात कमी येते. ज्यांना रोज गाडी चालवायची आहे, यंत्रावर उभं राहायचं आहे, त्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं.

लिव्होसेटिरिझीनच्या सोबत मॉन्टेलुकास्ट असं दुसरं नाव असेल तर ती साधी अ‍ॅलर्जीची गोळी राहिली नाही. मॉन्टेलुकास्टमुळे काहींची झोप बिघडते, वाईट स्वप्नं पडतात, मन खचतं, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दमा वगैरेसाठी डॉक्टरांनी विचारपूर्वक दिली असेल तर जरूर घ्या. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून मागू नका.

आणि एक विनंती. चार गोळ्या सुट्या घेताना स्ट्रिप कापली जाते आणि नाव, मुदत दुसऱ्या तुकड्यावर जाते. नाव आणि मुदत असलेला तुकडा मागा, किंवा बिल घ्या. घरी निनावी तुकडा उरला असेल तर तो अंदाजाने खाऊ नका.

पहिली गोळी रात्री, घरी

औषध नवीन असेल तर पहिली मात्रा रात्री जेवणानंतर घ्या, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर उत्तम. सकाळी उठल्यावर डोकं जड आहे का, बोलताना शब्द अडखळतो का, हे नीट बघा. ते कळेपर्यंत गाडीला किल्ली लावू नका.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. माझ्या धाकट्या दिराने एका पावसाळ्यात रात्री सेटिरिझीन घेतली. सकाळी शिंका थांबेनात म्हणून आणखी एक घेतली. दुपारी सोबतच्या माणसाने "सर्दीची" म्हणून एक गोळी दिली, तीही घेतली. त्या सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर क्लोरफेनिरामाइन होतं हे त्याला माहीत नव्हतं, देणाऱ्यालाही नव्हतं. संध्याकाळी मडगावहून परतताना बोरीच्या पुलाच्या अलीकडे त्याचा क्षणभर डोळा लागला. हेल्मेट होतं म्हणून गळ्याजवळची हासळी मोडण्यावर निभावलं. झोप आली होती असंही त्याला वाटलं नव्हतं, आणि भीती तिथेच आहे. या गोळ्यांनी प्रतिक्रियेचा वेग मंदावतो, तो माणसाला जाणवतोच असं नाही.

म्हणून सर्दी-खोकल्याच्या कुठल्याही गोळीवर किंवा सिरपवर आधी अँटिहिस्टामिनचं नाव शोधा. एका दिवशी एकच. झोपेच्या, चिंतेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

दारूबरोबर नको. हे सगळेच सांगतात, पण इथे ते जास्त लागू आहे. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या बोंडांच्या पहिल्या धारेच्या दारूच्या दिवसांत लिंबू-सोडा घालून घेतलेला पेला सरबतासारखा वाटतो. गोळी आणि फेणी-हुर्राक एकत्र आले की दोघांची गुंगी एकमेकींत मिसळून वाढते. गोळी घेतली त्या दिवशी अजिबात घेऊ नका.

किती, कशाबरोबर

मोठ्या माणसाला साधारणपणे सेटिरिझीन १० मिलिग्रॅम, लिव्होसेटिरिझीन ५, लोराटाडीन १०, बिलास्टीन २०, दिवसातून एकदाच. फेक्सोफेनाडीन नाकाच्या त्रासाला १२० आणि अंगावरच्या पित्ताला १८०. विसरलात तर आठवल्यावर एक घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका. त्रास हटत नाही म्हणून मात्रा वाढवू नका. हट्टी पित्तात त्वचेचे डॉक्टर कधीकधी मात्रा वाढवतात, पण ते तपासून, त्यांच्या देखरेखीत.

फेक्सोफेनाडीन साध्या पाण्याबरोबर घ्या. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर ती शरीरात नीट शोषली जात नाही. अ‍ॅसिडिटीचं पांढरं पातळ औषध घेत असाल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. बिलास्टीन उपाशीपोटी, म्हणजे खाण्याच्या तासभर आधी किंवा दोन तासांनंतर. सेटिरिझीनला जेवणाचं बंधन नाही.

मुलांचं सिरप घरच्या चमच्याने मोजू नका, बाटलीबरोबर आलेल्या मापानेच द्या आणि मात्रा वयाप्रमाणे, वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाला स्वतःच्या मनाने काहीही नको. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, हे लेबलवर छापायचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. जुनी बाटली घरात असेल तर काढून टाका. आणि घाटात मूल रडू नये, गाडीत झोपावं म्हणून हे औषध देणारे आईबाप मी पाहिले आहेत. हात जोडून सांगते, तसं करू नका. काही मुलं झोपण्याऐवजी उलट बेचैन होतात आणि लहानग्यांच्या श्वासाला धोका होऊ शकतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर सेटिरिझीन, लिव्होसेटिरिझीन शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत, मात्रा कमी करावी लागते. प्रोस्टेट वाढलेल्या बाबांना जुन्या गोळ्यांनी लघवी अडू शकते. काचबिंदूतही त्या धोक्याच्या. साठीपुढच्या आई-वडिलांना क्लोरफेनिरामाइनसारख्या गोळ्यांनी भ्रम होतो, रात्री बाथरूमला जाताना तोल जातो. त्यांना त्या टाळाच. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना डॉक्टरांना विचारून ठरवा, तिथे चालणारी औषधं आहेत.

किती दिवस घ्यायची

प्रसंगाने होणाऱ्या त्रासाला एक-दोन दिवस पुरतात. पावसाळाभर रोज शिंका असतील तर अधूनमधून गोळी घेण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवून नीट उपचार घ्या. नाक चोंदणं हे मुख्य दुखणं असेल तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही, तिथे नाकात मारायचा स्टेरॉईडचा स्प्रे जास्त गुणकारी ठरतो, पण तो रोज मारावा लागतो आणि परिणाम दिसायला काही दिवस जातात. दम्याचा इनहेलर सोडून गोळीवर राहू नका. गांधी सहा आठवड्यांनंतरही उठत राहिल्या तर तो जुनाट आजार धरतात आणि त्याची तपासणी लागते.

महिनोन्‌महिने रोज सेटिरिझीन किंवा लिव्होसेटिरिझीन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. ती बंद केल्यावर काही दिवसांत, क्वचित काहींना, अंगभर भयंकर खाज सुटते, आधी कधी खाज नव्हती त्यांनाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये त्याबद्दल सावध केलं आहे. तसं झालं तर अ‍ॅलर्जी बळावली असं समजून मात्रा वाढवू नका, डॉक्टरांकडे जा.

गोळीबरोबर खोलीकडेही बघा. ओले कपडे झोपायच्या खोलीत दोरीवर वाळत घालू नका, त्याने हवा आणखी दमट होते आणि धुळीतले बारीक किडे, बुरशी दोन्ही पोसतात. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा. पाऊस थांबेल त्या तासाला खिडक्या उघडा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. एसीची जाळी काढून धुवा. मी बघते, हे केलेल्यांच्या गोळ्या खरंच कमी लागतात.

गोळ्या बाथरूमच्या कपाटात किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, ओल आणि ऊन दोन्हींनी त्या खराब होतात. झाकणाच्या कोरड्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा.

कशाची अ‍ॅलर्जी आहे ते शोधायला डॉक्टरांनी त्वचेवर टोचून करायची चाचणी सांगितली, तर आठवडाभर आधीपासून अँटिहिस्टामिन थांबवावं लागतं, नाहीतर चाचणी खोटी येते. सर्दीच्या मिश्र गोळ्याही त्यात आल्या. नेमके किती दिवस ते तारीख घेतानाच विचारा, आणि गेल्या महिन्यात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून सोबत न्या. त्या दिवसांत खाज सुटली तर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, वर कॅलामाइन लावा, आणि सहन झालं नाही तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.